केरबाचा गोळा

एका जंगलात एक गवा राहत होता, मुलांनो, आणि तो रोज सकाळी माळावर शेण टाकून जात असे. गोष्ट गव्याची नाही. पण त्याने शेण टाकलं नसतं, तर ही गोष्ट घडलीच नसती.

हसू नका. तुम्हाला जे शेण, ते शेणकिड्याला घर, ताट आणि पाळणा. शेणकिडा शेणाचा गोळा वळतो. डोकं खाली आणि मागचे पाय वर करून तो गोळा उलट्या पायांनी ढकलत नेतो आणि ओल्या मातीत पुरतो. गोळ्याच्या पोटात त्याचं अंडं असतं. पिल्लू आतल्या आत गोळा खात वाढतं. गोळा उन्हात राहिला तर सुकतो, तडकतो आणि आतला जीव जातो. एवढंच शास्त्र आहे. मलाही एवढंच येतं.

त्या माळावर केरबा आणि हैबती हे दोन शेणकिडे भाऊ राहत. केरबा थोरला. बाकीच्यांचे गोळे बोराएवढे असत. केरबाने त्या सकाळी लिंबाएवढा गोळा वळला. त्याच्या बायकोने, आनसाने, त्यात अंडं घातलं. केरबा गोळा ढकलत चढाला लागला. अर्ध्या चढावर त्याचा पाय घसरला, गोळा अंगावरून खाली गेला, आणि केरबा संपला.

हैबती धावत आला तोवर मुंग्या पोचल्या होत्या. मुंग्यांनी सभा भरवली नाही. कोणी पाय नेला, कोणी पंख नेला. हैबतीने एकीला धडक दिली, दुसरीला लाथ घातली. पण मुंग्या हजार आणि त्याला पाय सहा. घटकाभरात त्या जागी केरबा पडला होता असं दाखवायलाही काही उरलं नाही. भावाला मूठभर माती द्यायचीही राहून गेली.

उरला तो गोळा.

"भाऊजी," आनसा म्हणाली, "ऊन वर आलंय."

ती रडत नव्हती. तिला तेवढी सवड नव्हती.

हैबतीने गोळ्याला मागचे पाय लावले, तोच वरून आवाज आला, "थांबा!"

समोर साळिंदर साहेब उभे होते. हे सरकारच्या समान वाटप खात्याचे मुख्य. त्यांच्या पाठीवर शेकडो लेखण्या होत्या. एकीनेही कधी काही लिहिलं नव्हतं.

"मयत तुझा कोण?"

"थोरला भाऊ."

"वाईट झालं. गोळा केवढा आहे?"

"लिंबाएवढा."

"फारच वाईट झालं. बोरापेक्षा मोठा गोळा बाळगायला बंदी आहे. जादा भाग कापून ज्यांच्याकडे गोळा नाही त्यांना वाटावा लागेल."

"वाटा की. पर दुसरं शेण वाटा, साहेब. ह्यो चिरला तर आतलं पोर मरंल."

साहेबांनी गोळ्याभोवती एक फेरी मारली. "मला तर पोर दिसत नाही."

"आत हाय."

"आतल्यांचं खातं वेगळं आहे," साहेब म्हणाले.

तेवढ्यात झुडपातून मुंगूस शेट उडी मारून आले. हे मोकळा बाजार मंडळाचे अध्यक्ष. "खबरदार!" ते ओरडले. "हा गोळा केरबाच्या घामाचा आहे. सरकारने त्याला नखही लावायचं नाही!"

हैबतीला वाटलं, धावत जाऊन यांच्या पाया पडावं. "बगा की, शेट! मग न्यू का?"

"कुठे?"

"पुरायला."

शेटनी कपाळावर पंजा मारला. "पुरायला? अरे, पुरलेल्या मालाला भाव कसा लागणार? बाजारात आण. बोली होऊ दे."

"मला इकायचा नाय."

"ते तू कोण ठरवणार? ते बाजार ठरवेल. तू मोकळा आहेस."

हैबती मोकळा होता. फक्त त्याच्या एका बाजूला काटे होते आणि दुसऱ्या बाजूला दात.

मग सभा भरली. साळिंदर साहेब एका दगडावर चढले, मुंगूस शेट त्याहून थोड्या उंच दगडावर चढले. साहेब खाली उतरून आणखी उंच दगड शोधायला गेले. त्यात बराच वेळ गेला. मुलांनो, या दोघांपैकी कोणीही शेणाचा गोळा कधी वळला नव्हता आणि वळणारही नव्हता. पण त्या विषयावर बोलताना दोघांचेही डोळे भरून येत.

"केरबा हा व्यवस्थेचा बळी आहे!" साहेब म्हणाले.

"केरबा हा उद्योगाचा हुतात्मा आहे!" शेट म्हणाले.

"बळी!"

"हुतात्मा!"

"भाऊ हाय त्यो माजा," हैबती म्हणाला.

"मध्ये बोलू नकोस!" दोघे एकदम म्हणाले.

माळावरचे सगळे शेणकिडे जमले होते. त्यांचीही मतं घेतली गेली. सटवा नावाचा एक किडा होता, त्याला जन्मात एक गोळा धड वळता आला नव्हता. तो उठून म्हणाला, "आपला मोकळ्या बाजाराला पाठिंबा. उद्या माझा गोळा भोपळ्याएवढा झाला आणि सरकारनं कापला तर?"

"तुझा गोळा कुठाय रं?" कोणीतरी विचारलं.

"अजून नाय. पर भोपळ्याएवढा होणार."

मग रामोजी बोलला. त्याच्याकडे तीन गोळे होते. तो एका गोळ्यावर बसला होता आणि दोन त्याने पायांखाली धरले होते. "आपण गरिबांच्या बाजूचे. वाटप झालंच पायजे. सुरवात केरबाच्या गोळ्यापासनं करा. त्यो काय नको म्हणायला यायचा नाय."

"आणि तुझे तीन?"

"ते फार भावनिक गोळे हायत."

कोणीतरी म्हणालं, शेण ज्याचं आहे त्या गव्यालाच विचारा. साहेब म्हणाले की गव्याचा मूळ हेतू समतेचाच होता. शेट म्हणाले की गव्याने ही दूरदृष्टीने केलेली गुंतवणूक आहे. गव्याने शेपटीने एक माशी उडवली. दोन्ही बाजूंनी टाळ्या वाजवल्या.

ऊन डोक्यावर आलं. गोळ्याचा ओला काळा रंग उतरून राखाडी झाला. मग त्यावर केसाएवढी रेघ उमटली.

"भाऊजी, तडकतोय," आनसा म्हणाली.

हैबतीचं डोकं फिरलं. तो सरळ साहेबांच्या अंगावर धावून गेला आणि सगळा जोर लावून त्यांच्या पायाच्या बोटाला धडकला. साहेबांनी बोट खाजवलं आणि भाषण पुढे चालू केलं. मग तो शेटच्या अंगावर गेला. शेट म्हणाले, "हीच ती स्पर्धेची भावना!"

शेवटी साहेबांनी हुकूम काढला. "या मुद्द्यावर निर्णय होईपर्यंत गोळा जागचा हलवायचा नाही. पुढे नाही, मागे नाही, डावीकडे नाही, उजवीकडे नाही."

"मान्य," शेट म्हणाले. "भाव ठरेपर्यंत माल हलता कामा नये."

हैबती उन्हात उभा राहिला. त्याला शिक्षण नव्हतं, विचार करायची सवयही नव्हती. तो पाय दुमडून मोजू लागला. पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे. चारच दिशा झाल्या. त्याला पाय तर सहा होते.

तो गोळ्याखाली शिरला आणि खणू लागला.

खणायचं काम नेहमी केरबाचं. हैबती घाई करायचा आणि माती स्वतःच्याच डोक्यावर पाडून घ्यायचा. आजही पाडली.

"पोटाखालनं सारा, भाऊजी," आनसा मागून म्हणाली. "पोटाखालनं."

केरबा हेच म्हणायचा. रोज. हैबतीला त्याचा रागच यायचा. त्याने माती पोटाखालून सारली. आनसाने ती बाहेर लोटली. गोळा बोटभर खाली बसला.

वर साहेबांचं लक्ष गेलं. "बघा! गोळा लहान होतोय! माझं धोरण लागू पडलं!"

"धोरण कसलं? मागणी वाढली. माल उठतोय!" शेट म्हणाले.

सभा पुढे सरकली. गोळा आणखी बसला. आता मातीच्या वर बोराएवढाच भाग दिसत होता.

"बोराएवढा!" साहेब गहिवरले. "समता आली!"

"योग्य भाव मिळाला!" शेटनी डोळे पुसले.

मग तेवढाही दिसेना.

"विषमता समूळ नष्ट झाली," साहेब म्हणाले.

"सगळा माल खपला," शेट म्हणाले.

आणि इतक्या वर्षांचे वैरी एकमेकांच्या गळ्यात पडले. शेटला काटे टोचले, पण विजयाच्या भरात त्यांना ते कळलं नाही.

"माझा वाटा कुठाय?" सटवाने विचारलं.

"तुला मिळाला," साहेब म्हणाले. "इतका समान वाटला गेला की तुला जाणवला नाही."

"आणि जो जाणवला नाही," शेट म्हणाले, "तो वरून झिरपत तुझ्यापर्यंत येईल."

सटवाने वर बघितलं आणि तोंड उघडं ठेवून तो तिथेच बसून राहिला.

खाली काळोख होता आणि गारवा होता. हैबतीने भोकाचं तोंड मातीने बुजवलं. वरचा गलका बंद झाला.

गोळ्याची भेग चाचपत आनसा म्हणाली, "ही लिंपायला पायजे. पर हितली माती अजून पुरती ओली नाय."

हैबतीने चिमूटभर माती भेगेवर दाबली. ती सुटली. पुन्हा दाबली. पुन्हा सुटली. दादा असता तर दोन थापांत बसवली असती. दादा म्हणाला असता, अरे, पोटाखालनं. दादा आता काहीच म्हणणार नव्हता. सकाळपासून धावाधाव केली, धडका दिल्या, खणलं, आणि एवढा वेळ जे कुठेतरी अडून बसलं होतं ते आता आलं. हैबती गोळ्याला मिठी मारून रडू लागला. मोठ्याने, नाक गळेपर्यंत, लहान पोरासारखा.

माती भिजली. भेगेत बसली. सुटली नाही.

आनसाने अंधारात भेग शेवटपर्यंत चाचपून पाहिली.

"अजून थोडं हिकडच्या अंगाला, भाऊजी," ती म्हणाली.

तात्पर्य: मुलांनो, मोठी माणसं बोलत असताना लहानांनी मध्ये बोलू नये. उलट त्यांचं बोलणं लवकर आटपू नये म्हणून अधूनमधून टाळ्या वाजवाव्यात, आणि तेवढ्यात खणून घ्यावं.