संगिताच्या दुकानातला चौक

दुकानाचं उद्घाटन व्हायच्या आधीच दारात शुक्री धवलेरी येऊन बसली. पाड्यावरची लग्नं गाणी म्हणून लावायची ती हीच म्हातारी. तिने पदर सारखा केला आणि विचारलं, "नवरी कुठाय?"

"कुठली नवरी?" संगिता गोंधळली.

"बया! मला इचारतस? भिंतीवर चौक तूच काढलास ना?"

काढला होता, त्यात खोटं काही नव्हतं. मुंबईच्या हॉटेलांच्या भिंती ठेकेदाराच्या नावाने रंगवून संगिता विटली होती. आता तलासरीत स्वतःचा गाळा घेतल्यावर दुकानात फक्त आपलंच जगणं मांडायचं, असं तिने ठरवलं. मडक्यांवर ठेकेदाराची ढेरी, पिशव्यांवर आगर गावच्या किनाऱ्यावरचं बालपण आणि समोरच्या भिंतीवर स्वतःच्या लग्नाचा चौक, वारली लग्नघराच्या भिंतीवर काढतात ते चौकोनी चित्र, मधोमध देवीसकट! पण भिंत रस्त्यावरून दिसते, आणि चौक दिसला की त्या घरी लग्न असतं, हे पाड्यावरच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. हिच्याच डोक्यात ते आलं नाही.

तेवढ्यात पाड्यावरच्या प्रत्येक लग्नात राबणारी बायजीमावशी तांदळाची टोपली घेऊन आली. मागोमाग हळद घेऊन बाया आल्या. लग्न कोणाचं, ते एकीलाही माहीत नव्हतं, पण परत जायला एकही तयार नव्हती. घरात माणसं तीन. संगिताचं लग्न झालेलं, पोरगी दुसरीत. मग उरलं कोण?

उरलेले दिपक मास्तर, म्हणजे संगिताचा नवरा, नेमके तेव्हाच नवा शर्ट घालून, हातात हार घेऊन आले.

"मास्तर, दुसरी बायको कुठली? सायवन गावची काय?" बायजीने विचारलं.

"दुसरी काय?"

संगिता सगळं जाणून होती, तरी तिची नजर शर्टावर गेली. "हा शर्ट कधी घेतलास?"

"अगं, तूच दिलास ना काल!"

शेवटी संगिताने हात जोडले. "लग्न कोणाचंच नाही हो! हे नुसतं चित्र आहे."

शुक्री उठून उभी राहिली. "देवी बसवलीस आन् तिला लगीन दावनार नाय? असा चालत नाय. पूस ती भिंत."

हीच भिंत तर दुकानाचा जीव होती. ती पुसायची म्हणजे पुन्हा दुसऱ्याचंच ऐकून रंग लावायचा. संगिताला रडूच फुटलं.

अशात रघ्याकाका ताडीचा कॅन घेऊन डुलत आला. हा बायजीचा घरवाला. "लगीन कोनाचा ते मागून सांगा. जेवन कवा?"

शुक्री त्याच्याकडे बघतच राहिली. "रघ्या, तुझा लगीन मी लावल्याचा आठवत नाय."

"कसा आठवंल? झालाच कुठं?"

खरंच की! बायजी तरुणपणीच त्याच्या घरी नांदायला आली होती. हातात चार पैसे आले की लग्न करू म्हणता म्हणता नातवंडं झाली. पाड्यावर त्यात कोणाला वावगं वाटत नाही. लग्न सवडीने होतं. यांना सवडच मिळाली नव्हती, एवढंच.

सगळ्या बाया बायजीकडे वळल्या. मघाशी मास्तरांची उलटतपासणी घेणारी मावशी एकदम लाजली.

"मला जरा इचार कराया पायजे," रघ्या म्हणाला.

"मेल्या, इतकी वर्षं काय करत होतास?" बायजी कडाडली.

दाराला लावायचा हार मास्तरांनी रघ्याच्या गळ्यात घातला. शुक्रीने गाणं धरलं. हळद लावताना बायजीच्या डोळ्यांना धार लागली. "दुसऱ्यांच्या लग्नात राबून हात झिजले गं पोरी. माझ्यासाठी कुनी चौक काढंल, असा वाटलाच नव्हता."

संगिताही तिच्या गळ्यात पडून पोटभर रडली. भिंत वाचली.

दुसऱ्या दिवशी डहाणूहून एक बाई दुकानात आली. मडकी, पिशव्या पाहिल्या, पण नजर खिळली भिंतीवर. "किती सुंदर! कोणाच्या लग्नाचा चौक?"

संगिता तोंड उघडणार, तोच कोपऱ्यात बसलेली बायजी उठली आणि भिंतीला पाठ लावून उभी राहिली.

"माझ्या," ती म्हणाली. "इकायचा नाय."