द्वारकेने धरलेली तहान

पिंपळवाडीत त्या उन्हाळ्यात घरातल्या सगळ्यांची तहान एकानेच धरायची, असा ग्रामसभेत ठराव झाला. बाकीच्यांनी आवंढा गिळून आपली तहान धरणाऱ्याच्या हवाली करायची, एवढंच काम होतं.

भुतेकरांच्या घरी चर्चेला वेळ लागला नाही. सासू म्हणाली, “द्वारके, तू हरतालिकेला निर्जळी धरतीस. तुला सवय हाय.” सासूने तहान दिली, सासऱ्यांनी दिली, नवऱ्याने, म्हणजे सर्जेरावाने, जेवण झाल्यावर दिली. मग त्याने मोसंबीच्या बागेचीही आणून दिली. झाडं तरतरीत झाली. द्वारकेची जीभ टाळूला चिकटली आणि ती कमी बोलू लागली. घरात सगळ्यांना ते बरंच वाटलं.

टँकर आला. ग्रामसेवक माणशी एक घागर देत होते.

“साहेब, माझ्याकडं चौघांची हाय. वर बागेची.”

“बाई, आम्ही डोकी मोजतो,” ग्रामसेवक शांतपणे म्हणाले. “घसे मोजायची तरतूद नाही.”

द्वारकेने आपली घागर तिथेच तोंडाला लावली. ते पाणी मोसंबीच्या पहिल्या ओळीच्या तहानेतच जिरलं.

घरी तीन घागरी आल्या होत्या आणि तहान कुणालाच नव्हती. सासरे आंघोळीला बसले. सासूने अंगणात सडा टाकला. सर्जेराव मोटरसायकल धूत होता. द्वारकेला राग आला, पण राग गिळायलाही तोंडात ओल लागते.

“त्यातलं घोटभर द्या,” ती म्हणाली.

सर्जेराव जाणता बागाईतदार. मोसंबीला फूल धरावं म्हणून आधी काही आठवडे पाणी तोडतात, त्याला ताण देणं म्हणतात. ताण कुठवर द्यावा, हे विचारायला लोक त्याच्याकडे येत. त्याने झाडाकडे बघावं तसं तिच्याकडे बघितलं.

“आत्ता पाणी दिलं तर ताण मोडंल,” तो म्हणाला. “बहार वाया जाईल.”

“मी झाड हाय का?”

“म्हनून तर म्हनतो, कळ काढ.” आणि त्याने उरलेलं पाणी चाकावर ओतलं.

द्वारका त्याच आठवड्यात गेली. तिला चितेवर ठेवलं, तशी ज्याची तहान त्याच्याकडे परत आली. स्मशानातच तिघांचे घसे कोरडे पडले. बागेने माना टाकल्या. पुढच्या खेपेला ग्रामसेवकांनी डोकी मोजून तीन घागरी दिल्या, त्या तिघांनी उभ्याउभ्या संपवल्या.

दहाव्याचा विधी उरकताच सर्जेरावासाठी मुलगी बघायला सुरुवात झाली. सासूची अट एकच होती. रंग कसाही चालेल, हरतालिका धरणारी हवी.