तात्याबांच्या गाईसाठी अमेरिकन कॅसेट

मंगळवारी सकाळी साडेदहाला पणदऱ्याचे तात्याबा कोकरे बारामतीतल्या कॅसेटच्या दुकानात आले आणि त्यांनी अमेरिकेची गाणी मागितली.

काउंटरवर बसलेल्या अबरारच्या हातातलं पेन खाली पडलं. लोणी देवकरच्या कारखान्यात मशिनं बसवायला आलेला एक अमेरिकन इंजिनियर परत जाताना बेचाळीस कॅसेटी मागे टाकून गेला होता. अबरारने त्या दुकानात आणल्या, दीड वर्ष रोज ऐकल्या. विकली मात्र एकही गेली नाही. आज त्याचे वडील इब्राहिमभाई चिकटपट्टी घेऊन बसले होते. कॅसेटच्या माथ्यावरच्या भोकांना पट्टी लावली की जुन्यावर नवं भरता येतं. संध्याकाळपासून सगळ्यांवर भजनं आणि कव्वाल्या भरायच्या, असं ठरलं होतं.

“कुणासाठी पाहिजेत, तात्या?” अबरारने अधीर होऊन विचारलं.

“गाईसाठी. गाणं लावलं की दूध वाढतं, असं शेतीच्या मेळाव्यात सांगितलं. पंधरा दिस भजनं लावली. ढिम्म! मग डोक्यात आलं, हिच्या आयला गाभण राहायचं इंजेक्शन दिलं तवाच डाक्टर म्हनला हुता, बी अमेरिकेचं हाय. आपलं टाळमृदंग हिला कसं कळावं?”

इब्राहिमभाईंना हसू आवरेना. “बघ, दीड वर्षानं गिऱ्हाईक आलं, ते बी चार पायाचं!”

“गिऱ्हाईक ते गिऱ्हाईक, अब्बा. दूध वाढलं तर कॅसेटींना हात लावायचा न्हाय.”

“आन् न्हाय वाढलं तर?”

“तर पट्टी मी लावतो.”

“उद्या सकाळचा दुधाचा आकडा आण. मग बघू.”

अबरारने खोकं काउंटरवर पालथं केलं. “नव्या माणसाला एकदम रॉक देत न्हाईत, तात्या. आदी कंट्री. तिकडच्या गुराख्यांचीच गाणी म्हणा. मग डेट्रॉइटचा सोल, तिकडच्या काळ्या गायकांचा. मोटारींच्या कारखान्याचं गाव ते, ठेका बी मशिनसारखा. मग ऐंशीनंतरचं नाचाचं. रॅप शेवटाला.”

“रॅप म्हंजी?”

“भांडण, पर तालात.”

“ते नगं. घरात हाय.”

संध्याकाळी साडेपाचला पणदऱ्याच्या गोठ्यात तात्याबांच्या बायकोने, साखरबाईंनी, गाईची कास धुतली आणि त्या बादली घेऊन धारेला बसल्या. खोकं घेऊन आलेल्या अबरारने टेपचं बटण दाबलं. कंट्री लागताच गाय रवंथ करायची थांबली.

“ऐकतीय! तात्या, ऐकतीय!”

गाईने शेण टाकलं आणि रवंथ पुन्हा सुरू केलं. सोल लागल्यावर तिने कान टवकारले, तात्याबांची मान डोलली, अबरारचा पाय ठेका धरू लागला. पण शेजारच्या म्हशीने दावं तोडलं आणि ती कडब्यात शिरली. घाबरलेल्या अबरारने हाताला आली ती कॅसेट घातली. ती ब्लूज या संथ गाण्यांची निघाली. जाड आवाजाची एक बाई सावकाश गाऊ लागली.

गोठा शांत झाला. इतका, की धारेचाही आवाज येईना. साखरबाई कास सोडून टेपकडे बघत बसल्या होत्या.

“ही बाई रडती का गाती रं?”

“दोन्ही, आजी.”

“नवऱ्यावरनं?”

“नवऱ्यावरनंच.”

“मंग बरोबर हाय. बंद करू नगंस.”

त्या संध्याकाळी दूध दीड लिटर कमी भरलं. “घ्या अमेरिका!” तात्याबा ओरडले.

“आवं, ऐकू तर द्या!” साखरबाई त्यांच्यावरच डाफरल्या. कॅसेट आणि टेप गोठ्यातच ठेवून अबरार उतरल्या तोंडाने परतला. आता सकाळच्या आकड्यावरच सगळी भिस्त होती.

बुधवारी सकाळी आठला तात्याबा धापा टाकत दुकानात आले. “चार सेल द्या. टेप बंद पडला.”

“दुधाचा आकडा सांगा,” इब्राहिमभाई म्हणाले.

“आकडा कुठला! धारच न्हाय काढली. म्हातारी म्हणती, आदी बाई लावा, मगच बादली उचलती. गाय तिकडं हंबरून जीव देतीय. आन् म्हातारीनं इचारलंय, त्या बाईचं आनखी हाय का?”

अबरारने वडिलांकडे पाहिलं. इब्राहिमभाईंनी चार सेल काढून तात्याबांपुढे ठेवले.

“किती हायत रं त्या बाईच्या?”

“आनखी दोन, अब्बा.”

सव्वाआठपर्यंतची बातमी एवढीच, की पणदऱ्यात गाईची धार निघालेली नव्हती आणि बारामतीत एकही कॅसेट पुसली गेली नव्हती.