कोच क्रुपिका यांच्या कोटाचे वर्तमान

सदऱ्याच्या डाव्या छातीवर, बटणांच्या ओळीपासून चार बोटे अंतरावर, दोन इंच रुंद आणि दीड इंच उंच असा तांबड्या सुताने विणलेला बैल होता. शिंगे पांढरी. बैल सुबक, यात शंका नाही. परंतु त्या जागी निळा बगळा असावयास हवा होता. सकल अनर्थाचे मूळ ते हेच, म्हणोन प्रारंभी नोंदिले.

राजश्री वेंडेल क्रुपिका, निळ्या बगळ्याचे निशाण मिरविणाऱ्या केलर्टन कॉलेजच्या अमेरिकी फुटबॉल फौजेचे साहाय्यक कोच, आघाडीच्या फळीचे सरदार, यांनी एकोणीस वर्षांत आठ कॉलेजांची चाकरी केली. मुख्य कोच हरला की बरतर्फ व्हावा आणि त्याजबरोबर सारे साहाय्यकही बरतर्फ व्हावे, ऐसा त्या मुलखाचा शिरस्ता. मग सामान खोक्यांत भरावे आणि कूच करावे, आणि नव्या मुक्कामी नव्या रंगाचे सदरे मिळावे, आणि जुने चांगल्या कापडाचे म्हणोन टाकवेनात.

प्रस्तुत मोहिमेचे कारण ऐसे. केलर्टनचे मुख्य कोच बक हॅलोरन यांनी जानेवारीत फर्मान काढिले की, थॅडियस ब्रॉडनॅक्स आणावा, नाहीतर क्रुपिकांनी खोकी काढावीत. थॅडियस शाळेतला खेळाडू, सतरा वर्षांचा, उंची साडेसहा फूट, वजन तीनशे दहा पौंड. तो पुढे उभा राहिला असता चेंडू फेकणाऱ्याने मागे सुखाने जेवूनही घ्यावे. तीन कॉलेजे सप्टेंबरपासून त्याच्या दारी तिष्ठत होती आणि तो कोणास होय म्हणेना, नाहीही म्हणेना. इकडे क्रुपिकांच्या पत्नी मार्लीन यांनी एकोणीस वर्षांत प्रथमच भाड्याच्या भिंतीत खिळा ठोकून तसबीर लाविली होती. त्या खिळ्याची चिंता क्रुपिकांस फार.

मग स्वारी दक्षिण जॉर्जियात दाखल जाहली आणि मोटेलातून घाईने निघताना बॅगेत हाती आला तो सदरा चढविला, आणि वर कोट. ब्रॉडनॅक्सांच्या दारातील आरशात पाहता कोटाची चेन चार बोटे उतरलेली आणि आत पांढरे शिंग. बैल हे मॅडिगन कॉलेजचे निशाण. आणि मॅडिगन तिष्ठणाऱ्या तिघांपैकी एक! शत्रूचे निशाण छातीवर लावून किल्ल्यात शिरलेला सरदार दुसरा ऐकिवात नाही. क्रुपिकांनी चेन गळ्यापर्यंत ओढिली आणि गड बंद केला.

थॅडियसची आई अर्नेस्टीनबाई, शाळेची बस चालविणाऱ्या, नजर बसच्या आरशासारखी, मागचेही टिपणारी. हीटर पेटलेला, भिंतीवरील काटा फॅरनहाइटच्या एक्याऐंशी अंशांवर.

“कोट काढा की, कोच. घरात आलात तुम्ही, बसस्टॉपवर नाही.”

“राहू द्या, बाई. मला जरा थंडी वाजतेय.”

“नेब्रास्काच्या बर्फातले ना तुम्ही? आणि जॉर्जियात थंडी?”

मग रश्शात मुरलेले डुकराचे चॉप आले, आणि मिरची घातलेली कोलार्डची पालेभाजी आली, आणि दुसरी वाढणी आली, आणि क्रुपिकांच्या नाकावरून घामाचा थेंब मक्याच्या पावावर पडला.

“आई,” थॅडियस म्हणाला, “हे वितळतायत.”

तेव्हा क्रुपिकांनी गड खाली केला. चेन उतरली. कोट खुर्चीवर गेला. थॅडियस इतका हसला की ताटे वाजली. बाई हसल्या नाहीत.

“हा तर मॅडिगनचा बैल.”

“हो, बाई. तीन वर्षं होतो तिथे. चुकून घातला.”

“आणि त्याआधी?”

क्रुपिकांनी आधीची सहाही नावे सांगितली.

“गेल्या आठवड्यात मॅडिगनचे कोच याच खुर्चीत होते. बायबलवर हात ठेवून म्हणाले, पोराची डिग्री होईपर्यंत हलणार नाही. तुम्ही राहाल चार वर्षं?”

एका ‘हो’ने मोहीम फत्ते होती. क्रुपिकांस खिळा दिसला, तसबीर दिसली, तसबिरीखाली उभ्या मार्लीनबाई दिसल्या.

“नाही सांगता येत, बाई. चार सामने ओळीने हरलो, तर याचं पुस्तक उघडायच्या आत माझी बॅग भरलेली असेल. मी चार वर्षं कुठेच टिकलो नाही. असेन तोवर रोज पहाटे पाचला याच्या दाराशी उभा असेन, एवढंच. कॉलेज बघून ठरवा. माझ्याकडे बघून नको.”

बाईंनी त्यांच्या ताटात तिसरा चॉप वाढला आणि लेकाकडे वळल्या.

“ऐकलंस? आता बोल. सप्टेंबरपासून मिठाची गुळणी धरून बसलायस.”

येणेप्रमाणे जानेवारीच्या एकविसाव्या दिवशी, मंगळवारी, चार वाजून बारा मिनिटांनी, उष्मा एक्याऐंशी अंश, कोट खुर्चीवर, बैल उघडा, साक्षीस मातुःश्री अर्नेस्टीनबाई, ऐसे असता थॅडियस ब्रॉडनॅक्स याने पाच महिने राखिलेला निर्णय मुखाने उच्चारिला. शब्द उच्चारिले तैसेच लिहिले:

“केलर्टन. पण कोच, पहाटे पाचला याल ना, तेव्हा आधी शर्ट बघून या.”