ऑर्लिनची कात्री

मार्लिसच्या उजव्या हाताला प्लास्टर पडलं (चर्चच्या पायऱ्यांवरचा बर्फ, दुसरं काय!), तेव्हा तिचा नवरा ऑर्लिन टॉलफसन सहज बोलून गेला, "एवढंच ना? स्क्रॅपबुकची उरलेली पानं मी चिकटवतो." अख्खा ट्रॅक्टर उघडून परत जोडणाऱ्याला चार फोटो चिकटवण्याचं ते काय कौतुक!

काम मात्र वाटलं तेवढं लहान नव्हतं. मिनेसोटातल्या त्या गावात एकट्यादुकट्या म्हाताऱ्यांना घरपोच गरम जेवण देणारी एक संस्था होती, आणि तिची गाडी ऐन थंडीत कायमची बसली. म्हातारी मंडळी डबाबंद सूपावर आली. म्हणून बायकांनी घराघरातून जुने फोटो मागून आणले. त्यांचं नक्षीदार स्क्रॅपबुक करायचं, चर्चच्या तळघरातल्या जेवणावळीत त्याचा लिलाव करायचा आणि नवी गाडी घ्यायची, असा बेत होता.

"फोटो जरा कापून घे," मार्लिसनं बजावलं. "कडेचं फालतू काढायचं, महत्त्वाचं तेवढं ठेवायचं. कळलं?"

"न कळायला काय झालं!"

आणि बाई निर्धास्तपणे बहिणीकडे आरामाला गेली.

ऑर्लिननं नागमोडी धारेची कात्री उचलली. महत्त्वाचं काय, हे त्याला कुणी शिकवायला नको होतं. पहिला फोटो शेजारच्या डुवेनच्या आईवडिलांचा. मधोमध देखणा लाल ट्रॅक्टर आणि कडेला म्हातारा-म्हातारी. त्यानं दोघांना हळुवार कापून काढलं. मग काय, हात बसला! लग्नाच्या फोटोतले नवरानवरी गेले, पिकअप राहिली. बाप्तिस्म्याचं बाळ गेलं, मागचं धान्याचं कोठार राहिलं. स्वतःलाही त्यानं सोडलं नाही. गोठलेल्या तळ्यावरच्या फोटोत त्याच्या हातातला मासा तेवढा ठेवला. (न्याय म्हणजे न्याय.)

जेवणावळीला मार्लिसनं पुस्तक उघडलं आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं.

"ऑर्लिन! माणसं कुठायत?"

"कुठली माणसं?"

बायकांच्या समितीची अध्यक्ष लवॉन शेजारी उभी होती. तिनं चार पानं उलटली, घसा खाकरला आणि म्हणाली, "हे... वेगळंच आहे हं."

आता त्या गावात कुणी कुणाला तोंडावर वाईट म्हणत नाही. 'वेगळं आहे' ही तिथली शेवटची शिवी. पण ऑर्लिनच्या अंगावर मूठभर मांस चढलं. (अभिमान चढला की माणूस मातृभाषाही विसरतो.)

खरी पंचाईत पुढेच होती. शेजाऱ्यानं बोली लावल्यावर त्याच्यावर बोली चढवायची, म्हणजे गावाच्या हिशेबी शुद्ध उद्धटपणा. ऑर्लिननं मोठ्या ऐटीत सुरुवात केली, "पन्नास डॉलर!" आणि सगळं तळघर अदबीनं गप्प बसलं.

"बस बोंबलत," मार्लिस दातओठ खात पुटपुटली. "आता हे तुझ्याच गळ्यात. पन्नासात गाडीचा आरसा तरी येईल का? काय खातील ती म्हातारी माणसं?"

ऑर्लिनला घाम फुटला. तेवढ्यात डुवेन उठला, कानापर्यंत लाल झालेला.

"ऑर्लिन, माफ कर हं. तुझा मान राखायला हवा, पण तो बाबांचा ट्रॅक्टर आहे रे. विकला तेव्हा गोठ्यात जाऊन रडलो होतो मी. पाचशे."

"अरे, माफी कसली! बोल की!"

"मग माझीही माफी," कोपऱ्यातून आवाज आला. "आमची पिकअप आहे त्यात. हजार."

बांध फुटला! प्रत्येक बोलीआधी माफी, माफीवर "छे छे, वाईट कशाला वाटेल", आणि लगेच वरची बोली. शेवटी पुस्तक डुवेननं नेलं, एकूण एक माणसाची माफी मागून.

"म्हटलं नव्हतं, महत्त्वाचं तेवढंच ठेवलंय?" ऑर्लिन छाती काढून म्हणाला. मार्लिसलाही नवऱ्याचा अभिमान वाटला, खोटं कशाला बोला.

"तरी थोडे कमी पडतायत," लवॉन म्हणाली. "कापलेली माणसं कुठे फेकलीस?"

"फेकीन कशाला? आइस्क्रीमच्या बादलीत भरून आणलीत!"

बादली आली आणि बायका सरसावल्या. लवॉन एकेक तुकडा उचलून दाखवी आणि आज्या, नवऱ्या, बाळं हातोहात खपत. बायकांना तर माफी मागायलाही सवड नव्हती. बघता बघता गाडीचे पैसे पुरे झाले, टाळ्या पडल्या, आणि ऑर्लिनला जॅकेटचं बटण सोडावं लागलं, इतकी छाती फुगली.

बादलीच्या तळाशी एकच तुकडा उरला. एक तरणाबांड गडी, दोन्ही हात पसरून, हातात काही नाही.

"हा ऑर्लिन!" लवॉन ओरडली. "पाच डॉलर?"

सगळे छताकडे बघू लागले.

"बरं, दोन? एक?"

कुणीतरी कॉफी ढवळली. ऑर्लिननं आशेनं मार्लिसकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघतोस?" ती म्हणाली. "तसला एक फुकटचा घरी पडलाय माझ्याकडे!"