रुग्णवाहिकेला टर्बो की सुपरचार्जर?

इंजिन आणि माणूस यांच्यात फारसा फरक नाही. दोघांनाही जगायला हवा लागते आणि दोघांनाही आपल्या वाट्याला ती कमीच आली असं वाटत राहतं. म्हणून शास्त्राने इंजिनाच्या नाकात जादा हवा कोंबण्याचे दोन मार्ग काढले. टर्बोमध्ये इंजिनाने टाकून दिलेल्या धुरावरच एक पंखा फिरतो आणि हवा आत ढकलतो. थोडक्यात, टाकाऊतून टिकाऊ. सुपरचार्जरमध्ये तसाच पंखा इंजिनाला पट्टा जोडून फिरवतात, म्हणजे इंजिनाने आपलीच ताकद खर्चून आपली ताकद वाढवायची. (बरीच सरकारी खाती याच तत्त्वावर चालतात, फक्त त्यांची ताकद वाढत नाही.) टर्बोची खोड एवढीच की पुरेसा धूर येईपर्यंत तो पेंगत असतो. पेडल दाबलं तरी क्षणभर काहीच होत नाही, मग एकदम सगळंच होतं.

आमच्या मिशिगनमधल्या ब्रॅमहॉल्ट गावात या दोन पंथांखेरीज तिसरा पंथ नाही. चर्च चार आहेत, पण त्यांच्यात भांडण नाही. सुपरचार्जरवाले टर्बोवाल्यांना ‘वरातीमागून घोडं’ म्हणतात, टर्बोवाले त्यांना ‘उचलली जीभ लावली टाळ्याला’ म्हणतात. गावाच्या मुख्य रस्त्यावर ताशी पंचवीस मैलांची मर्यादा आहे आणि ती सगळेच काटेकोर पाळतात, कारण पुढे नेहमी कुणाचा तरी ट्रॅक्टर असतो.

गावात रुग्णवाहिका एकच. हॉस्पिटलच्या चढावर ती धापा टाकते अशी तक्रार आली, तेव्हा तिला टर्बो बसवावा की सुपरचार्जर हे ठरवायला समिती नेमण्यात आली. मी तिचा सचिव. निर्णय निःपक्षपाती व्हावा म्हणून आम्ही सर्वप्रथम रुग्णवाहिकेचं इंजिन काढून सभागृहाच्या टेबलावर ठेवलं. तेव्हापासून रुग्णवाहिका इतकी स्वच्छ आहे की बघत राहावं. चार जुलैच्या स्वातंत्र्यदिनाच्या मिरवणुकीत ती ट्रॅक्टरने ओढली तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या.

समितीने गावाचा कौल घेतला. अठ्ठेचाळीस टक्के टर्बो, अठ्ठेचाळीस टक्के सुपरचार्जर. उरलेल्या चार टक्क्यांनी ‘आधी गाडी सुरू करा’ असं सांगितलं. ते विषयाला सोडून असल्यामुळे बाद केलं. सभेतही दोन्ही पंथांच्या स्वभावाचा मान राखला. टर्बो सदस्यांना उत्तरापूर्वी थोडा अवधी, आणि सुपरचार्जर सदस्यांना प्रश्न संपण्याआधी उत्तर देण्याचा हक्क. त्यामुळे मतदानात एकांचे हात खाली येत तेव्हा दुसऱ्यांचे वर जात, आणि ठराव कधीच मोजता आला नाही. लोकशाहीत घाई चांगली नसते.

ऑक्टोबरातल्या सभेत सुपरचार्जर गटाचा प्रमुख लाइल व्हँडरमोलन बोलायला उभा राहिला आणि एकाएकी त्याने उजवा हात छातीवर ठेवला. आमच्याकडे झेंड्यापुढे देशनिष्ठेची शपथ घेताना असाच हात ठेवतात. त्यामुळे सगळी सभा उठली, टोप्या काढल्या आणि छातीवर हात ठेवून गंभीरपणे उभी राहिली. शपथ अर्धी म्हणून झाल्यावर लाइल खाली कोसळला. मी इतिवृत्तात ‘प्रमुखांनी देशनिष्ठा व्यक्त केली’ असं लिहिलं होतं, त्यात दुरुस्ती केली.

“रुग्णवाहिका!” लाइलची बायको अर्लीन ओरडली. आम्ही सगळ्यांनी टेबलावरच्या इंजिनाकडे पाहिलं.

“माझा ट्रक बाहेर आहे,” टर्बो गटाचा प्रमुख डुएन कोवाल्चिक म्हणाला. तो लाइलचा शेजारी. “चल ऊठ, म्हाताऱ्या, मी नेतो तुला.”

“तुझ्या ट्रकात?” लाइल जमिनीवरूनच म्हणाला. “चढावर तुझा टर्बो जागा होईपर्यंत माझ्या मयताच्या जेवणातलं बटाट्याचं कॅसरोल खाऊन संपलेलं असेल.”

“मर मग!”

“माझ्या गाडीतून नेतो म्हणा, आनंदाने मरतो.”

लाइलच्या गाडीचा सुपरचार्जर बॉनेट फाडून इतका वर आलेला आहे की समोरचा रस्ता दिसत नाही. खिडकीबाहेर मान काढून ती चालवायची कला एकट्या लाइललाच येते. शेवटी अर्लीनने त्याला आपल्या मिनीव्हॅनमध्ये घातलं. मागे भोपळे होते, त्यांच्याशेजारी. व्हॅनला टर्बो नाही, सुपरचार्जर नाही, देव देईल तेवढ्या हवेवर ती चालते. मी पुढे बसलो, कारण इतिवृत्त लिहायचं होतं. मागून डुएन ट्रक घेऊन निघाला. चढावर त्याने आम्हाला मागे टाकलं तेव्हा लाइल भोपळ्यांतून उठून बसला आणि म्हणाला, “अर्लीन, दाब ना जरा! हा मला काय म्हणेल?”

“गप पड,” अर्लीन म्हणाली. ती रडत होती, आणि मलाही पहिल्यांदाच भीती वाटली.

हॉस्पिटलात डॉक्टर हॉलस्ट्रॉम बाईंनी तपासून सांगितलं, “हृदय फार थकलंय. त्याला जोर द्यायला आत एक पंप बसवावा लागेल, आणि तो आत्ताच.”

लाइलच्या चेहऱ्यावर तेज आलं. “पट्ट्यावर चालतो?”

“उच्छ्वासावर असणार,” डुएन म्हणाला.

“बॅटरीवर,” डॉक्टर म्हणाल्या.

ज्या घराच्या तीन पिढ्यांनी पेट्रोलची इंजिनं जोडली, त्या घरातल्या माणसाच्या छातीत बॅटरी! डुएनने लाइलचा हात घट्ट धरला. चाळीस वर्षांत पहिल्यांदाच. “लाइल,” तो गहिवरून म्हणाला, “तू नाही म्हण. सगळं गाव तुझ्या पाठीशी आहे.”

“नाहीच म्हणतो,” लाइल म्हणाला.

अर्लीनने दोघांचे हात सोडवले. “इतकी वर्षं पहाटे पहाटे तुझ्या त्या इंजिनाचा आरडाओरडा ऐकला, मला त्याचा भयंकर राग येतो,” ती म्हणाली. “पण तो आवाज बंद झालेल्या घरात मला एकटीला राहायचं नाही, लाइल. बॅटरी तर बॅटरी.”

लाइल बराच वेळ तिच्याकडे बघत राहिला. टर्बोवाल्यालाही इतका वेळ लागला नसता. मग त्याने होकाराची मान हलवली आणि त्याला आत नेलं.

आमच्या मागोमाग पुरेसे सदस्य येऊन पोचलेले असल्यामुळे समितीची तातडीची बैठक हॉस्पिटलच्या व्हरांड्यातच भरली. टर्बो गटाने नोंदवलं की चढावर आपला ट्रक पुढे होता. सुपरचार्जर गटाने नोंदवलं की त्यात रुग्ण नव्हता. रुग्ण असलेल्या गाडीला दोन्हींपैकी काहीच बसवलेलं नसल्याने तिचा प्रवास ग्राह्य धरता येत नाही, यावर मात्र समितीच्या इतिहासात प्रथमच एकमत झालं, आणि आम्ही एकमेकांना मिठ्या मारल्या. बॅटरीच्या धोक्यावर उपसमिती नेमली.

आता वाचकांना निष्कर्ष हवा असणार, तो स्पष्ट देतो. पेडल दाबताच जोर हवा असेल आणि पेट्रोलची फिकीर नसेल तर सुपरचार्जर. थोडं थांबायची तयारी असेल आणि टाकलेल्या धुराचंही सोनं करायचं असेल तर टर्बो. लांबच्या रस्त्याला टर्बो बरा, झटक्यात सुटायला सुपरचार्जर. एवढ्यावर आपलं समाधान झालं असेल असं मी धरतो, कारण आणखी काही प्रश्न आलेला दिसत नाही.

लाइल? बरा आहे. विचारलंत म्हणून सांगितलं.