खांद्याएवढी सुरमई

आमचे डोईफोडे सर जालन्याच्या मासळीबाजारात जातात, दहा मासे उलटेपालटे करून पाहतात आणि शेवटी नुसती आतडी घेऊन परत येतात. माशावाले हमीदभाई सुरुवातीला हळहळायचे. आता ते डबा आधीच भरून ठेवतात. "सरजी, आपका माल बाजू को निकाल के रख्या," असं गिऱ्हाइकांसमोर मोठ्यानं सांगतात. सर स्वतः पक्के शाकाहारी. अंड्याचा केक म्हटलं तरी दोन पावलं मागे सरकतात.

अंबडला माझं झेरॉक्स-टायपिंगचं दुकान आहे आणि शेजारचं घर सरांचं. कॉलेजात त्यांनी तीस वर्षं प्राणिशास्त्र शिकवलं, म्हणजे पोरांना जंत दाखवले. गाव त्यांना जंतेसर म्हणतं, अगदी तोंडावर. त्यांना त्याचं काही वाटत नाही.

"माशाच्या पोटातलं अन्न कालचं सांगतं," ते मला ऐकवतात, "जंत वर्षभराचं सांगतो. बारक्या माशात जंताचं पिल्लू बसलेलं असतं. मोठ्यानं बारक्याला खाल्लं की पिल्लू मोठ्यात. मंग जंत पाहून कळतं, हा शिकारी कोणत्या पाण्यात हिंडला, कुणाला खाऊन जगला. त्याच्यामागं समुद्रात पळायची गरज न्हाई."

सरांनी समुद्र कधी पाहिलेला नाही, हे मी अशा वेळी मुद्दाम काढतो.

"पुरावा असल्यावर पाह्यचं कशाला?" हे त्यांचं ठरलेलं उत्तर.

हीच नजर आम्हा शेजाऱ्यांवर. परवा मला पाहताच म्हणाले, "राजूरला गेल्तास. पण गणपतीला न्हाई, सासरवाडीला." मी चाट पडलो. पिशवीतून पेढ्यांचा पुडा दिसत होता हे ठीक, पण सासरवाडी? "शर्टाला इस्त्री हाय. देवाला जाताना तू कधी इस्त्री करत न्हाईस."

एवढ्या हुशार माणसानं एक मोठं वेड्यासारखं काम करून ठेवलं. त्यांची एकुलती एक लेक अश्विनी कोकणात शिकायला गेली आणि तिथल्याच एका होडीवाल्याशी लग्न ठरवून आली. ज्या माणसाची उभी हयात माशांच्या पोटात हात घालण्यात गेली, त्याला मासे पकडणारा जावई चालला नाही! "पुन्हा या घरात पाय ठेवू नको," म्हणाले. सरांच्या बायको आधीच वारल्या होत्या, मध्ये पडायला घरात कुणी नव्हतं. मला इतका संताप आला, की महिनाभर मी त्यांच्याशी बोललो नाही.

वर्षभरानं एसटीच्या पार्सलनं एक बरणी आली. स्पिरिटात बुडवलेली आतडी आणि वर अश्विनीच्या अक्षरात चिठ्ठी: मासा कोणता, लांबी किती, कुठल्या पाण्यात सापडला. ना 'अप्पा', ना नमस्कार. सरांनी आतडी तपासली आणि माझ्याकडून अहवाल टाइप करून घेतला: अमुक जंत, इतके नग. तोही तसाच कोरडा. तेव्हापासून दोन-तीन महिन्यांनी बरणी येते, अहवाल जातो. सात वर्षं बापलेकीचं बोलणं ते एवढंच. पार्सल ऑफिसातला माणूस नाकाला रुमाल लावून मला फोन करतो, "तुमच्या सरांचं आलंय, लवकर उचला."

गेल्या सोमवारी बरणी आली आणि दुपारी सरांनी मला हाक मारली. ते दाराच्या चौकटीपाशी उकिडवे बसले होते. हातात टेप, कानावर पेन्सिल.

"ही चिठ्ठी पाह्य."

अश्विनीनं लिहिलं होतं, 'सुरमई. लांबी तीन फूट.' त्याखाली पेन्सिलीनं, वेड्यावाकड्या अक्षरात: 'माझ्या खांद्याएवढी.'

"लेकराचं अक्षर हाय," सर म्हणाले. "खांदा तीन फुटांवर. म्हंजी उंची पावणेचार फूट. सहा-सात वर्षांचं असंल." चौकटीवर त्यांनी दोन रेघा मारल्या होत्या, एक खांद्याची, एक डोक्याची. वरच्या रेघेवरून ते सारखा हात फिरवत होते.

"मुलगा का मुलगी, सर?"

"त्याला पुरावा न्हाई रे," ते म्हणाले आणि चष्मा पुसत बसले. त्यांचा एवढा पडलेला आवाज मी कधी ऐकला नव्हता. महिनाभर न बोलल्याचं मला त्या क्षणी वाईट वाटलं.

मग ते माझ्यासोबत दुकानात आले. मी टाइप करायला बसलो, सर उभ्यानंच सांगू लागले. "चार प्रकारचे जंत आढळले. मासा चांगल्या पाण्यात, चांगलं खाऊन वाढलेला आहे." इथं नेहमी अहवाल संपतो. सर खुर्चीची पाठ धरून उभेच राहिले.

"पुढं लिही. मोजणाऱ्याचं नाव कळवलेलं नाही. खांदा प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय माप ग्राह्य धरता येत नाही." त्यांनी कानावरची पेन्सिल काढली, पुन्हा कानावर ठेवली. "मी येऊ का?"

मी ते तीन शब्द टाइप केले. कॉम्प्युटरचा पडदा मला नीट दिसत नव्हता.

"शास्त्रीय वाटून राह्यलं ना?" सरांनी विचारलं.

"बिलकुल, सर."

"मंग जल्दी काढ. टपाल चारला निघतं."